कारखाना कॉर्कला, दुकान बेलफास्टला

प्रति,
संचालक मंडळ, ॲपल,
क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया



आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या उत्तर अंगाला चढ चढून गेले की हॉलीहिल लागते. 1980 साली, आपली कंपनी जेमतेम चार वर्षांची असताना, तिने युरोपातला आपला पहिला कारखाना या टेकडीवर थाटला. सुरुवातीला तिथे साठ माणसे होती. पुढची काही वर्षे कॉर्कला फार जड गेली. 1983 मध्ये डनलॉपचा टायरचा कारखाना बंद पडला, 1984 मध्ये फोर्डचा, आणि त्याच सुमारास व्हेरोल्मेच्या गोदीलाही टाळे लागले. मुंबईच्या गिरणगावाने त्याच दशकात काय सोसले हे ठाऊक असलेल्या माणसाला कॉर्कचे ते दिवस वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. हॉलीहिल मात्र तगले. आज आयर्लंडमध्ये आपल्या कंपनीत सुमारे सहा हजार लोक काम करतात.

हे नाते नुसते पगाराचे नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत एखाद्याने आपल्या ऑनलाइन दुकानातून फोन मागवला, की विक्रेता म्हणून नाव येते ‘ॲपल डिस्ट्रिब्यूशन इंटरनॅशनल’चे आणि पत्ता येतो हॉलीहिलचा. मालाची ने-आण, हिशेब, अडलेल्या ग्राहकाला फोनवरून मदत, या सगळ्याची सूत्रे कॉर्कमधून हलतात. कागदोपत्री पाहिले तर युरोपभरचा विक्रेता या टेकडीवर बसला आहे.

आणि तरीही संपूर्ण आयर्लंड प्रजासत्ताकात ॲपलचे स्वतःचे एकही दुकान नाही. डब्लिनला नाही, गॉलवेला नाही, लिमरिकला नाही, खुद्द कॉर्कलाही नाही. बेटावरचे एकमेव दुकान बेलफास्टच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये आहे, आणि बेलफास्ट म्हणजे ब्रिटनचा भाग, चलन पौंड. डब्लिनहून तिथे जायला रस्त्याने साधारण दोन तास लागतात. कॉर्कहून अंतर भरते चारशे किलोमीटरहून अधिक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

या वळशाची एक बाजू मराठी घरांना विशेष जाणवेल. आयर्लंडमध्ये भारतातून गेलेले अभियंते, डॉक्टर, परिचारिका मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत मराठी माणसेही आहेत. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडमध्ये राहून नोकरी करणाऱ्याला सीमा ओलांडून बेलफास्टला जायचे, तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. रस्त्यावर नाका नाही, कुंपण नाही, कोणी अडवत नाही; पण कायदा आहे, आणि परक्या देशात राहणारा शहाणा माणूस कायद्याशी खेळत नाही. म्हणजे पुण्याहून कॉर्कला गेलेला एखादा अभियंता हॉलीहिलमध्ये आपल्याच कंपनीत कामाला असला, तरी ॲपलच्या दुकानाची पायरी चढण्यासाठी त्याला आधी दुसऱ्या देशाच्या व्हिसाचा अर्ज भरावा लागेल. तोच अभियंता सुट्टीत घरी आला, तर कोरेगाव पार्कात त्याच कंपनीच्या दुकानात सरळ आत शिरू शकतो.

दुकान नसल्याने असे काय बिघडते, असे कोणी विचारेल. फोन तर सगळीकडे मिळतो. आयर्लंडमध्ये अधिकृत विक्रेते आहेत, दुरुस्तीची अधिकृत केंद्रे आहेत, कुरिअर घरी येतो. हे सगळे खरे आहे. पण दुकान कशासाठी असते, हे जगाला आपल्याच कंपनीने शिकवले. 19 मे 2001 रोजी व्हर्जिनियातल्या टायसन्स कॉर्नरला आणि कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलला पहिली दोन दुकाने उघडली, तेव्हा व्यापारी वर्तुळातल्या अनेक जाणकारांनी ती चालणार नाहीत असे भाकीत केले होते. संगणक विकणाऱ्या इतरांची दुकाने त्या काळात तोट्यात होती. दुकानांची आखणी करणाऱ्या रॉन जॉन्सन यांनी सहकाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला होता: आयुष्यात सगळ्यात चांगली सेवा कुठे मिळाली? बहुतेकांनी सांगितले, हॉटेलात. काही विकण्याची घाई नसलेला, अडचण ऐकून वाट दाखवणारा तो स्वागतकक्षातला माणूस त्यांच्या लक्षात राहिला होता. त्यातून दुकानाच्या आतल्या बाजूला दुरुस्तीचे आणि सल्ल्याचे ते टेबल आले, ज्याला आपण ‘जीनियस बार’ म्हणता.

त्या टेबलाचे मोल आकड्यांत मांडणे अवघड आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईंचा फोन चालू होत नाही आणि नातवंडांचे सगळे फोटो त्यातच आहेत. विद्यार्थ्याचा लॅपटॉप परीक्षेच्या आठवड्यात काळा पडतो. अशा वेळी माणसाला पार्सलचा क्रमांक नको असतो; समोर बसून, यंत्र हातात घेऊन, ‘बघू या’ म्हणणारा कोणी तरी हवा असतो. मधला विक्रेता कितीही सज्जन असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. यंत्र बदलून द्यायचे की नाही, वॉरंटी लागू धरायची की नाही, हा शेवटचा निर्णय त्याचा नसतो. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात तो पुष्कळदा टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात असतो. लहान देशांतल्या ग्राहकांना नेमके हे टेबल मिळत नाही. किंमत तीच, हप्ते तेच, उंबरठा मात्र नाही.

देश लहान आहे म्हणून परवडत नाही, असे म्हणावे तर आपली यादीच ते खोडून काढते. मकाऊची लोकसंख्या सात लाखांच्या आसपास. तिथे दोन दुकाने आहेत. सिंगापूर हे साठ लाखांचे बेट. तिथे तीन, त्यांतले एक तर मरीना बेच्या पाण्यावर तरंगत असल्यासारखे बांधलेले. सुमारे 90 लाखांच्या स्वित्झर्लंडला चार, तेवढ्याच ऑस्ट्रियाला एक. बेल्जियम त्यांच्याहून मोठे, तिथेही एकच. दुसरीकडे पोलंडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक माणसे राहतात आणि दुकान एकही नाही. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड, पोर्तुगाल, ग्रीस यांच्यापैकी कोणाकडेच नाही. न्यूझीलंडच्या माणसाला समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलिया गाठावे लागते. जानेवारी 2019 मध्ये चेक पंतप्रधान आंद्रेय बाबिश यांनी दाव्होसला आपल्या कंपनीचे प्रमुख टिम कुक यांची गाठ घेऊन प्रागसाठी दुकान मागितले. देशाच्या पंतप्रधानाने जागतिक परिषदेत जाऊन दुकानाची मागणी करावी, यातच त्या दुकानाला लोक काय मानतात ते दिसते. प्राग त्यानंतरही वाट पाहत राहिले.

लक्झेंबर्गची गोष्ट तर आयर्लंडच्या सख्ख्या बहिणीची. 2004 पासून युरोपभर आयट्यून्सवर विकली जाणारी गाणी लक्झेंबर्गमध्ये नोंदलेल्या आपल्या कंपनीच्या नावे विकली जात. 2017 मध्ये ते दप्तर उचलून कॉर्कला आणले गेले. तितकी वर्षे त्या चिमुकल्या देशाच्या पत्त्यावर खंडभरचा धंदा झाला, आणि तिथल्या रस्त्यावर त्या कंपनीचा दरवाजा कधी उघडला नाही.

मकाऊत पर्यटक येतात, सिंगापूरला विमाने बदलणारे लाखो लोक थांबतात, झ्युरिकच्या खिशात पैसा आहे: अशी कारणे देता येतील आणि ती चुकीचीही नाहीत. पण मग डब्लिनला काय कमी आहे? गूगल आणि मेटा यांची युरोपातली मुख्यालये तिथे आहेत. ग्राफ्टन स्ट्रीटवर पर्यटकांची रीघ असते. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने ऑगस्ट 2022 मध्ये त्याच रस्त्यावर दुकान उघडले. प्लास्टिकच्या विटा विकणाऱ्यांना जो बाजार पुरेसा वाटला तो ॲपलला अपुरा वाटण्याचे कारण दिसत नाही. आयकियाची गोष्ट याहून बोलकी आहे. आयर्लंडच्या नियोजनाच्या नियमांत दुकानाच्या आकारावर सहा हजार चौरस मीटरची मर्यादा होती. आयकियाला एवढ्या जागेत येणे शक्य नव्हते, म्हणून सरकारने 2005 मध्ये काही भागांपुरती ती मर्यादाच उठवली. 2007 च्या डिसेंबरात बेलफास्टजवळ आयकिया उघडले आणि दक्षिणेकडून गाड्यांची रांग लागली. दोन वर्षांच्या आत, जुलै 2009 मध्ये, डब्लिनच्या बॅलीमनमध्ये त्यांचे दुकान उभे राहिले. बेलफास्टपर्यंत येऊन तिथेच थांबलेली मोठी नावे थोडी आहेत. त्यांत आपले आहे.

भारताचे उदाहरण इथे मुद्दाम द्यायचे, कारण भारतात आपली कंपनी उशिरा आली तरी त्याला कारण होते. एकाच नाममुद्रेचा माल विकणाऱ्या परदेशी कंपनीने निम्म्याहून जास्त मालकी ठेवायची असेल तर तीस टक्के माल भारतातून घ्यावा, अशी अट होती. ऑगस्ट 2019 मध्ये ती सैल झाली. सप्टेंबर 2020 मध्ये ऑनलाइन दुकान सुरू झाले आणि 18 एप्रिल 2023 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टिम कुक यांनी स्वतः दार उघडले. दोन दिवसांनी दिल्ली. 4 सप्टेंबर 2025 ला पुणे. 2011 च्या जनगणनेत पुण्याच्या नागरी समूहाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर होती. 2022 च्या जनगणनेत अख्ख्या आयर्लंडची साडेएक्कावन्न लाखांच्या आसपास. तितकीच माणसे, आणि आयरिश माणसाचे सरासरी उत्पन्न पुणेकराच्या कितीतरी पट. पुण्याला दुकान मिळाले याचा आनंदच आहे. पुण्याआड निदान एक कायदा उभा होता. कॉर्कच्या आड कोणता आहे?

आक्षेपांचा विचार करायला हवा, कारण त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत.

सगळ्यात मोठा आक्षेप स्थानिक विक्रेत्यांचा. लहान देशांत ॲपलचा धंदा ज्यांनी वर्षानुवर्षे उभा केला, त्या दुकानदारांच्या पोटावर पाय येईल. ही भीती खरी आहे आणि तिला थातूरमातूर उत्तर देऊन चालणार नाही. कंपनीचे भव्य दुकान शेजारी आले की नवा फोन आधी तिथे मिळणार, आणि गर्दीही तिकडेच वळणार. पण यावर उपाय कंपनीच्याच हातात आहे. एका देशात एक किंवा दोन दुकाने काढावीत, गावोगाव नाही. उरलेल्या शहरांतल्या विक्रेत्यांना माल त्याच दिवशी मिळावा. दुरुस्तीचे अस्सल सुटे भाग गल्लीतल्या स्वतंत्र कारागिरालाही परवडेल अशा दराने आणि फार अटी न घालता द्यावेत. स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांसाठीची आपली योजना 2021 मध्ये दोनशेहून अधिक देशांत नेण्याचे जाहीर झाले होते. तिचे दार आणखी उघडता येईल. युरोपीय संघाचा दुरुस्तीच्या हक्काचा नवा कायदा 31 जुलै 2026 पासून लागू होतो आहे, तेव्हा हे काम असेही करावेच लागेल.

दुकानांचा काळ संपला, असेही म्हणतात. मायक्रोसॉफ्टने जून 2020 मध्ये आपली जवळजवळ सगळी दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. ती दुकाने बरीचशी ॲपलच्या दुकानांसमोर आणि त्यांच्या धर्तीवर उभी होती, त्यांना स्वतःचे कारण कधी सापडले नाही. आपली दुकाने पाचशेच्या पुढे गेली आहेत आणि अजून वाढत आहेत. त्यामुळे हा मुद्दा निदान आपल्या तोंडी शोभत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा इशाऱ्याची. लहान देशाला दुकान हवे असते, देऊळ नको असते. स्टॉकहोममध्ये आपण राजाच्या बागेत, कुंगस्ट्रेडगॉर्डनमध्ये, दुकान बांधायला निघालात. शहराने 2018 च्या निवडणुकीनंतर नकार दिला. मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये त्यासाठी एक इमारत पाडायची होती. वारसा जपणाऱ्या सरकारी यंत्रणेने एप्रिल 2019 मध्ये ती पाडू दिली नाही आणि बेत गुंडाळावा लागला. दुकानाला गावचा चौक म्हणण्याची कल्पना आपल्या कंपनीने त्याच काळात काढली होती. गावाला चौक आधीपासून होता, आणि तो कोणाच्या मालकीचा नव्हता. त्या दोन शहरांनी दुकानाला नाही म्हटले नाही, जागेला नाही म्हटले. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचे वाद टळतील.

आयर्लंडच्या बाबतीत आणखी एक ओझे आहे आणि ते न बोलता पत्र पुरे होणार नाही. 30 ऑगस्ट 2016 रोजी युरोपीय आयोगाने निकाल दिला की आयर्लंडने ॲपलला बेकायदा करसवलत दिली. 13 अब्ज युरो वसूल करावेत. आयोगाच्या हिशेबाप्रमाणे 2014 साली प्रत्यक्ष कराचा दर 0.005 टक्के पडला होता, म्हणजे दहा लाख युरोंच्या नफ्यावर पन्नास युरो. आयर्लंडचे सरकार आपल्या बाजूने उभे राहिले. स्वतःच्याच तिजोरीत येणारा पैसा नको म्हणून ते आठ वर्षे न्यायालयात लढले. 2020 मध्ये जिंकले, आणि 10 सप्टेंबर 2024 रोजी युरोपीय न्यायालयात अंतिम निकाल विरुद्ध गेला. ते सरकार योग्य वागले की नाही यावर आयरिश माणसांत आजही दोन तट आहेत. पण एवढे नक्की की, एखाद्या कंपनीसाठी एवढी टीका अंगावर घेणारा देश शोधून सापडणार नाही.

जानेवारी 2020 मध्ये, कॉर्कच्या कारखान्याला चाळीस वर्षे होत आली असताना, डब्लिनमध्ये टिम कुक यांचा सन्मान झाला. तो आयर्लंडच्या पंतप्रधानांच्या हस्ते झाला, आणि ते पंतप्रधान होते लिओ वराडकर. मालवण तालुक्यातले वराड हे त्यांच्या वडिलांचे गाव. सन्मान सोहळ्याच्या काही आठवडे आधीच ते त्या गावी येऊन गेले होते, आणि घरचा मुलगा आल्यासारखे गावाने त्यांचे स्वागत केले होते. आयर्लंडच्या या गोष्टीत मराठी वाचकाला आपलेपणा वाटतो त्याचे हेही एक कारण आहे.

आयर्लंडनेही आपल्याला कधी ताटकळत ठेवले, हे मान्य केले पाहिजे. गॉलवे परगण्यात अथेनरायला डेटा सेंटर बांधायचे 2015 मध्ये जाहीर झाले, हरकती आणि अपिलांत तीन वर्षे गेली, आणि मे 2018 मध्ये आपण तो नाद सोडला. कंपनीचा हिरमोड झाला असेल तर ते समजण्यासारखे आहे. पण दुकानाला जंगल तोडावे लागत नाही की वीजकेंद्राची जोडणी लागत नाही. चालत्या रस्त्यावरची एक रिकामी इमारत पुरते.

म्हणून या पत्राची मागणी नेमकी आहे. आयर्लंडमधले पहिले दुकान डब्लिनला नव्हे, कॉर्कला उघडावे.

व्यापाराचा सल्लागार लगेच डब्लिनचे नाव काढील. त्याने आपल्याच यादीवर नजर टाकावी. स्वित्झर्लंडमधले बाझेल पावणेदोन लाखांच्या आसपासचे शहर, तिथे दुकान आहे. नेदरलँड्समधले हारलेम त्याहून थोडे लहान, तिथे आहे. स्वीडनमधले हेल्सिंगबोर्ग दीड लाखाचे, त्याच्या वेशीवरच्या वेला बाजारसंकुलात आहे. 2022 च्या जनगणनेत कॉर्क सव्वादोन लाखांच्या घरात होते, आणि देशाच्या दक्षिणेकडचा सगळा मुलूख खरेदीला तिथेच उतरतो. डब्लिनची वेळ येईलच. पण पन्नास वर्षांच्या उंबरठ्यावर आलेले नाते कॉर्कचे आहे, आणि डब्लिनला सगळे आधी मिळते ही कॉर्ककरांची जुनी तक्रार अगदी निराधार नाही. मुंबई-पुण्याकडे पाहणाऱ्या नागपूरकराला विचारावे, तो सांगेल.

कॉर्कचा सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट ली नदीच्या पुलापासून वळण घेत शहराच्या काळजातून जातो. बाजूलाच जुने इंग्लिश मार्केट आहे, मासळी आणि चीजच्या गाळ्यांनी भरलेले. याच रस्त्यावर पिढ्यानपिढ्या ‘रोचेस स्टोअर्स’ होते. पुढे त्या इमारतीत डेबनहॅम्स आले, आणि 2020 मध्ये त्या कंपनीने आयर्लंडमधली सगळी दुकाने बंद केली, तेव्हा तिथल्या कामगारांनी, त्यांत बायकाच अधिक, हक्काच्या पैशांसाठी वर्षाहून अधिक काळ दारात ठिय्या दिला. दुकान गेल्यावर रस्त्याचे काय होते ते या शहराने जवळून पाहिले आहे. त्याच रस्त्यावर मापात बसणारी एक जुनी वास्तू घ्यावी, तिचा दर्शनी भाग तसाच ठेवावा, पाटीवर इंग्रजीबरोबर आयरिश भाषा असावी. नोकरीला उत्तर कॉर्कमधली मुले-मुली घ्यावीत. आतल्या बाजूला ते टेबल असावे, आणि त्यावर बसायला वेळ ठरवून आलेल्यांबरोबर वाट चुकून आलेल्यांनाही जागा असावी.

हॉलीहिलहून शहरात बस उतारावरून खाली येते. दिवसपाळी संपवून त्या बसने घरी निघालेल्या आपल्या कामगाराच्या खिशातल्या फोनची काच तडकली असेल, तर त्याला वाटेत उतरून ती बदलून घेता यावी. एवढी सोय करण्यास किती अवधी लागेल, ते मंडळाने कळवावे. उत्तराची वाट पाहत आहोत.